टाकीचे चाळीस डॉलर

आमच्या गिरणीचा आणि घराचा खर्च एकाच वहीत लिहिला जातो. पुढून उघडली की गिरणी, उलटी फिरवून मागून उघडली की घर. दोन्हीकडून लिहीत लिहीत मध्ये कुठेतरी दोघांची गाठ पडते, त्या दिवशी वही संपते आणि नवी निघते. ज्या वर्षी लेकीच्या दातांना तारा बसवल्या, त्या वर्षी घर पार पुढच्या पुठ्ठ्याजवळ जाऊन पोचलं होतं. लेक म्हणते, "आई, नोबडी डझ धिस." मी म्हणते, आम्ही करतो ना, मग झालं तर.

ही पद्धत ह्यांची, म्हणजे माझ्या नवऱ्याची. सासऱ्यांची नगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी पिठाची गिरणी होती, तिथे असंच लिहायचे. पण वही एक असली तरी दोन्ही बाजूंचे पैसे एकमेकांत मिसळायचे नाहीत, हा ह्यांचा कायदा. इतका कडक, की स्वयंपाकघरासाठी मी दोन किलो ज्वारीचं पीठ उचललं तर पुढच्या बाजूला 'घर, ज्वारी दोन किलो' अशी विक्री पडते आणि मागच्या बाजूला तेवढाच खर्च. इथे कॅनडात गणपतीच्या कार्यक्रमात बायका विचारतात, तुमचं बरं आहे हो, पीठ फुकटात. त्यांना काय सांगणार? गिरणीवाल्याची बायको असून गेली एकोणीस वर्षं मी पीठ विकत खातेय.

गिऱ्हाइकांच्या बाबतीत तर ह्यांचं आणखीच. दळणात थोडी घट होतेच. चार किलो भाजणी दळायला दिली की मूठभर पीठ मशीनमध्ये राहतं, थोडं हवेत उडतं. जगात कुठल्याही गिरणीत ही घट गिऱ्हाईक सोसतं. शेजारच्या मिसिसागाचे एक रिटायर्ड डॉक्टर बायकोने भाजून दिलेली भाजणी उशीच्या अभ्र्यात भरून आणतात. त्यांनी स्वतः ह्यांना सांगितलं, अहो, चालायचंच. पण हे आमच्या पोत्यातलं धान्य भाजून, दळून वजन पुरं करणार आणि वहीत 'घट' म्हणून आपल्याच अंगावर लिहिणार. मी किती वेळा चिडले असेन. चिडून उपयोग शून्य. हे ऐकून घेतात, मान हलवतात आणि त्यांना करायचं तेच करतात.

गिरणी सुरू केली तेव्हा हे एका वेअरहाऊसमध्ये शिफ्टला होते. तिथला पगार घराचं मॉर्गेज आणि मशीनचं कर्ज यात जायचा. टाइल्सच्या गोदामामागे एक छोटं युनिट भाड्याने घेतलं, दगडी चक्की भारतातून मागवली. पहिले दोन महिने सगळं झकास. ज्वारी, बाजरी, तांदळाची पिठी, आलेल्या माणसाला गरम पीठ हातात. मग एकेक जण तक्रार घेऊन यायला लागला. भाकरी थापताना तुटते. पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. हात घालून बघावं तर पीठ भाजल्यासारखं तापलेलं.

हे म्हणाले, दगड बोथट झालाय. चक्कीच्या दगडावर खाचा असतात. त्या झिजल्या की दगड धान्य कापत नाही, नुसता रगडतो, आणि पीठ जळतं. भारतात खाचा करून देणारा कारागीर दारात येतो. इथे ब्रॅम्पटनमध्ये कुठून येणार? ह्यांनी रात्रपाळी करून आल्यावर दगड उघडला, हातोडी आणि छिन्नी घेतली आणि स्वतःच ठोकायला बसले. झोप नाही, खाचा कशाही वाकड्या. मी शेजारी उभी राहून अर्धा तास बघितलं आणि माझं डोकं फिरलं.

"द्या इकडे," मी म्हटलं.

"अगं, तुला यायचं नाही."

"तुम्हाला येतंय का?"

मी नागपूरला शाळेत चित्रकला शिकवत होते. फळ्यावर फूटपट्टीशिवाय सरळ रेघ मारायची मला सवय. खडूने दगडावर आधी रेघा काढून घेतल्या, मधून बाहेर, एकसारख्या अंतरावर. मग हलक्या हाताने टोचत गेले. चार तास लागले. दुसऱ्या दिवशी पीठ निघालं ते गार आणि मऊ. ह्यांनी चिमटीत घेतलं, बोटांनी चोळलं आणि पुढचं दळण ओतलं. त्या संध्याकाळी मी घरी गेले ती मान ताठ करून.

तेव्हापासून दगड टोचायचं काम माझं. आम्ही बोलताना असंच म्हणायचो. हे सांगायचे, "दगड बघून घे," मी म्हणायचे, "रविवारी टोचते." चष्मा लावायचा, दगड मांडायचा, सुरुवात. लोखंडाचे बारीक कण उडतात आणि डाव्या हाताच्या पाठीत जाऊन बसतात. तिथे आता निळे-काळे ठिपके झालेत. माझ्या आईच्या हातावर गोंदण होतं, तसे दिसतात. लेकीच्या आग्रहाखातर एकदा क्लिनिकमध्ये दाखवले. डॉक्टर म्हणाला, आत गेलंय ते आत राहू दे, त्रास नाही देणार.

आता त्या टाकीकडे येते.

दरवर्षी मार्च महिन्यात आमचा अकाउंटंट फोन करतो. भला माणूस आहे, हिंदीत बोलतो, मला भाभीजी म्हणतो. मशीनच्या आवाजाने ह्यांचा एक कान गेलाय, त्यामुळे फोनवर वही वाचून दाखवायचं काम माझ्याकडे. फक्त पुढची बाजू, म्हणजे गिरणीची. घराची बाजू मी कशाला वाचू? घर तर मीच चालवते. मी मराठीत वाचायचं आणि इंग्रजीत सांगायचं. विजेचं बिल, हायड्रो. पोती, बॅग्ज. पट्टा, बेल्ट. 'पेट्रोल वीस', गॅस, ट्वेंटी. 'टाकी चाळीस', गॅस, फुल टँक, फॉर्टी.

मला त्यात कधी शंकाच आली नाही. पेट्रोल म्हणजे थोडं भरलं, टाकी म्हणजे पूर्ण भरली. सुरुवातीच्या वर्षांत चाळीस डॉलरमध्ये टाकी भरायचीसुद्धा. पुढे भाव चढत गेले, तरी वहीत टाकी आपली चाळीसच. मला वाटायचं, हे कुठेतरी लांब स्वस्त पंपावर रांग लावून भरत असतील. ह्यांच्या चिकाटीला ते शोभूनही दिसलं असतं.

पण गिरणीची व्हॅन इतका गॅस पिते कशी, यावरून आमची भांडणं झाली. घर ते गिरणी चार सिग्नल. आठवड्यातून एकदा होलसेलवाल्याकडून धान्य आणायचं, बस. "तुम्ही व्हॅन घेऊन जाता तरी कुठे?" असं मी एकदा चांगलं आवाज चढवून विचारलं. हे म्हणाले, "कुठे जाणार? इथेच असतो." मला वाटलं, टाकी गळत असेल. मी स्वतः व्हॅन मेकॅनिककडे नेली, खालून तपासून घेतली. काही गळत नव्हतं. त्याचेही पैसे वहीत 'गाडी तपासणी' म्हणून आहेत. ह्यांना विचारलं असतं की ही टाकी कसली, तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण मला इतकी खात्री होती की मी विचारलंच नाही. खात्री असली की मी विचारत नाही, हा माझा जुना दोष आहे.

मग गेल्या वर्षी टॅक्सवाल्यांचं पत्र आलं. तीन वर्षांचा गाडीखर्च तुमच्या धंद्याच्या मानाने जास्त दिसतो, पावत्या दाखवा.

अकाउंटंटचा फोन आला. त्याचा आवाजच उतरला होता. म्हणाला, भाभीजी, पावत्या आहेत ना सगळ्या? मी म्हटलं, अहो, आमचे हे च्युइंगमची पावतीसुद्धा फेकत नाहीत. आणि ते खरंच होतं. बुटांच्या खोक्यांत वर्षवार पावत्या लावलेल्या असतात. आम्ही गॅसच्या पावत्या काढल्या, बेरीज केली. जेवढा गॅस आम्ही दाखवला होता, त्याच्या निम्म्याच्याही पावत्या भरेनात.

ह्यांनी खोकी उलटीपालटी केली. व्हॅनच्या सीटखाली हात घातला. बेसमेंटमधल्या जुन्या पिशव्या झटकल्या. "प्रत्येक पावती ठेवलीय मी," एवढंच पुन्हा पुन्हा. मी म्हटलं, "मग पाय फुटले का त्यांना? वहीत लिहिलंय तेच मी वाचलं." हे म्हणाले, "मी वहीत खोटं लिहीत नाही." मी म्हटलं, "आणि मी खोटं वाचते?" शब्दाला शब्द वाढला. चूक माझी नाही हे मला माहीत होतं, त्यांची नाही हे त्यांना माहीत होतं, आणि ती वही दोघांच्या मध्ये टेबलावर पडून राहिली. शेजारी बसून दोघांनी एकत्र उघडली असती तर! पण आम्ही दोघंही तसलेच.

तिसऱ्या दिवशी मशीन पुसता पुसता हे म्हणाले, "सरकारने मला खोटा ठरवलं तर मी मशीन विकून टाकणार."

मी म्हटलं, दंड होईल, भरू. जास्तीत जास्त काय?

"दंडाचं नाही," हे म्हणाले. "गिऱ्हाइकाचं मूठभर पीठ मी ठेवून घेत नाही. मग कुठल्या तोंडाने शटर उघडू?"

ज्याला हे माहीत नाहीत त्याला ही नुसती रागाची बोलणी वाटतील. मला माहीत होतं. वेअरहाऊसमध्ये एकदा एक खोकं हरवलं आणि सुपरवायझरने सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. ह्यांच्या बॅगेत डब्याशिवाय काही नव्हतं. खोकं नंतर दुसऱ्या शेल्फवर सापडलं, सुपरवायझरने हसून विषयही संपवला. ह्यांनी त्याच आठवड्यात नोकरी सोडली, दुसरी हातात नसताना. तेव्हा हे म्हणतात म्हणजे विकणार. एकोणीस वर्षं उभी केलेली गिरणी, ती काही चालत नाही म्हणून नाही, कोणी पाडली म्हणूनही नाही, एका खोक्यात पावत्या कमी पडल्या म्हणून जाणार होती.

घरात तोंडाला कुलूप लागलं. ह्यांचं जेवण अर्ध्यावर आलं. लेकीला ते सहन होईना. रविवारी ती गाडी घेऊन दारात उभी राहिली. "गेट इन, बोथ ऑफ यू. नो आर्ग्युमेंट्स." तासाभरावर नदीकाठी एक जुनी पाणचक्की जपून ठेवलीय. खूप पूर्वी अमेरिकेतून वर आलेल्या एका कुटुंबाने बांधलेली. लेक शाळेच्या ट्रिपला तिथे गेली होती आणि तेव्हापासून म्हणत होती, बाबांना दाखवायचीय. गिरणीवाल्याला सुट्टीच्या दिवशी गिरणी दाखवायला न्यायची, ही आमच्या लेकीची अक्कल. पण ते बरं झालं.

आत गेल्यावर ह्यांचा चेहरा पंधरा दिवसांत पहिल्यांदा सैल पडला. पाण्यावर फिरणारा एवढा मोठा दगड, त्याच्यावर लाकडी पेटी, वरून दाणा पडतोय, खाली पीठ. हे वाकून वाकून बघत होते. काचेच्या पेटीत त्या कुटुंबाची खर्चाची वही उघडून ठेवली होती. ज्या पानावर उघडली होती त्यावर सगळं एकाखाली एक: चहा, खिळे, घोड्याची नाल, बायकोला कापड, मुलीचे बूट, गाळायची जाळी.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, लेकीला म्हणाले, "बघ. घर आणि गिरणी एकाच वहीत."

"ओके बाबा, यू विन," लेक म्हणाली. मग तिने काचेला नाक लावलं. "व्हॉट इज धिस? ड्रेसिंग द स्टोन्स? दगडांना ड्रेस घेतले?"

तिथे माहिती सांगायला एक म्हातारी बाई होती, जुन्या पद्धतीची टोपी घातलेली. तिने हसून समजावलं. दगडाच्या खाचा झिजल्या की त्या पुन्हा कोराव्या लागत. ते काम करणाऱ्याला वेगळा पैसा दिला जाई, मग तो घरातलाच का असेना. दळणाऱ्यापेक्षा त्याची मिजास जास्त, कारण त्याचा हात चुकला तर सगळंच पीठ वाया.

हे काचेवर वाकले आणि आपल्याशीच बोलावं तसं म्हणाले, "म्हणजे टाकीचे पैसे."

"काय?" मी विचारलं.

"टाकी. दगडाला टाकी लावायची ना, त्याचे. आपल्याकडे मी तुझे लिहितो, तसेच या लोकांनी लिहिलेत."

मी तिथेच उभी राहिले.

"माझे कुठे लिहिता?"

"वहीत. चाळीस. दर वेळी."

"ती टाकी?"

"मग कुठली?" हे खरोखर गोंधळले होते. "तू दगड टोचलास की मी लिहितो. आमच्या गिरणीत कारागीर यायचा, त्याचे पैसे वडील तसेच लिहायचे. टाकी."

त्यांच्याकडे त्या कामाला टाकी म्हणतात. पाट्याला टाकी, जात्याला टाकी. मला शब्द माहीत नव्हता असंही नाही. पण माझ्या माहेरी त्याला दगड टोचणं म्हणत, म्हणून गिरणीतही मी टोचतेच म्हणायचे, आणि माझं ऐकून हेही तसंच बोलायला लागले होते. लिहिताना मात्र ह्यांचा हात वडिलांच्या शब्दावर जायचा. आणि इथे कॅनडात टाकी म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर पंप उभा राहायचा. ज्या गॅसवरून मी ह्यांच्याशी भांडत होते, ज्यासाठी व्हॅन उचलून तपासून घेतली, तो गॅस मी होते.

लेकीला कळायला थोडा वेळ लागला. मग ती तिथल्या बाकावर बसून इतकी हसली की टोपीवाली बाई पाणी घेऊन आली. मला हसू येत नव्हतं. मला आधी रडू आलं, मग ह्यांचा भयंकर राग आला, तोंडाने एकदाही न सांगितल्याचा. आणि मग स्वतःचा. परत येताना गाडीत मी ह्यांना विचारलं, "सांगितलं का नाही कधी?"

"लिहिलं होतं की," हे म्हणाले.

घरी न जाता आम्ही तडक गिरणीवर गेलो. तिघं एका टेबलाशी बसलो आणि जुन्या वह्या काढल्या. मी पहिल्यांदा घराची बाजू नीट वाचली. पुढे 'टाकी चाळीस' खर्च पडलेला, त्याच तारखेला मागच्या बाजूला 'टाकी चाळीस जमा'. एकही चुकलेलं नाही. पहिल्या वहीत बघितलं तर गिरणीने घराला दिलेला पैसा तेवढाच. बाकी सगळं कर्ज आणि भाडं खाऊन टाकत होतं. आणि प्रत्येक जमेच्या खाली ह्यांच्या बारीक अक्षरात तो पैसा गेला कुठे ते. लेकीचे स्नोबूट. लेकीचा चष्मा. पोहण्याचा क्लास. लेकीची शाळेची ट्रिप, जिथे तिने ही पाणचक्की पहिल्यांदा बघितली, तीसुद्धा.

मी तेव्हा समजत होते की ही पोर ह्यांच्या ओव्हरटाइमवर वाढतेय. ती माझ्या हातोडीवर वाढत होती. लेकीने त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मराठीत म्हणाली, "आई, माझे बूट तू घेतलेस." ती माझ्याशी सहसा इंग्रजीत बोलते.

पण अजून सरकार बाकी होतं. अकाउंटंटला फोन केला. त्याने सगळं ऐकलं, दोन-तीनदा "भाभीजी, एक मिनिट" म्हणाला, आणि शेवटी म्हणाला की आपण चूक आपल्या तोंडाने सांगू. गॅसमधून ते पैसे काढू, मजुरी म्हणून दाखवू, तुमच्या नावावर उत्पन्न धरू, त्याचा टॅक्स भरू. पण बायकोला मजुरी दिली हे कोणीही म्हणेल. काम झालं हे त्यांना पटवावं लागेल.

ऑफिसर बाई स्वतः गिरणीवर आल्या. शांत, माझ्याच वयाच्या असतील. लेकीने एक तक्ता करून ठेवला होता: कुठल्या तारखेला टाकी पडली आणि आधीच्या टाकीपासून किती धान्य दळलं. दर वेळी जवळजवळ तेवढंच. दिवाळीच्या महिन्यात चकलीच्या भाजणीचा मारा, तेव्हा टाकी दोनदा. जानेवारीत कोणी घराबाहेर पडत नाही, तेव्हा एकदाही नाही. लेक म्हणाली, हा गॅस असता तर थंडीत जास्त जळला असता.

बाईंनी तक्ता वाचला, दोन्ही बाजूंची पानं लेकीकडून समजून घेतली, आणि मग मला म्हणाल्या, हे काम म्हणजे नक्की काय, दाखवाल का?

दाखवाल का! मी दगड मांडला. चष्मा लावला, खडू घेतला, रेघ ओढली. हातोडी धरली आणि सुरू केलं. हे कोपऱ्यात हात बांधून उभे होते. चेहरा असा, की मीच परीक्षेला बसलेय आणि पेपर ह्यांचा आहे. एक खाच पूर्ण झाल्यावर बाईंनी थांबवलं. त्यांची नजर माझ्या डाव्या हातावर होती. विचारलं, हे ठिपके कसले?

मी सांगितलं. लोखंड आहे, आत बसलंय. प्रत्येक टाकीचं थोडं थोडं.

त्या म्हणाल्या, मी हे पुरावा म्हणून लिहू शकत नाही. पण जाताना त्यांनी तांदळाची पिठी विकत घेतली. हे फुकट देत होते असं कोणाला वाटत असेल तर त्यांनी वरचं सगळं पुन्हा वाचावं. ह्यांनी पूर्ण पैसे घेतले आणि पावती दिली.

महिनाभर जीव टांगणीला होता. मग पत्र आलं. दुरुस्ती मान्य. थोडा टॅक्स, थोडं व्याज, दंड नाही. ह्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, पावत्यांच्या खोक्यात त्या वर्षाच्या जागी ठेवलं आणि शटर वर केलं. मला वाटलं होतं काहीतरी बोलतील. ते बाजरीचं पोतं उघडायला गेले.

मग मीच बोलले. "गॅस वाढला. ग्रोसरी वाढली. दळणाचा दर तुम्ही तीनदा वाढवलात. आणि माझी टाकी एकोणीस वर्षं चाळीसच?"

हे थांबले. विचार केला. "खरंय," म्हणाले. "चुकलं ते." पुढच्या टाकीला साठ पडले.

त्या साठात मी नवी हातोडी आणली. जुनीचा दांडा सैल झाला होता. ह्यांनी पावती बघितली आणि साठ डॉलर काढून माझ्या हातात परत ठेवले. "हातोडी गिरणीची. घराच्या पैशातून घ्यायची नाही." मी वाद घातला नाही. काही गोष्टींपुढे मी आता हरले आहे, आणि त्याचा मला अभिमान वाटतो हे मी ह्यांना कधी सांगितलेलं नाही. लिहून ठेवतेय. आमच्याकडे तेवढं पुरतं.

या मार्चमध्ये अकाउंटंटचा फोन आला. मी फोन स्पीकरवर टाकला, वही वाचली. टाकी आली तिथे दोघंही हसलो. सगळं संपल्यावर तो म्हणाला, "भाभीजी, फॉर्मवर तुमचं ऑक्युपेशन इतकी वर्षं होममेकर आहे. आता पगार दाखवतोय तर बदलावं लागेल. काय लिहू?"

मी हेल्पर लिहा म्हणणार होते. तोंड उघडलंसुद्धा.

हे पलीकडे मशीनवर होते, धान्य ओतत. ज्या कानाने ऐकू येत नाही तो कान आमच्याकडे होता, म्हणजे मला तसं वाटत होतं. ह्यांनी बटण बंद केलं. दळण अर्ध्यावर असताना हे मशीन कधी थांबवत नाहीत, पीठ बिघडतं. दगड फिरत फिरत थांबला आणि गिरणीत एकदम शांत झालं.

"गिरणीवाली लिहा म्हणावं," हे म्हणाले, आणि पुन्हा बटण दाबलं.